फेराइटची खोली

शोधनिबंधात एक वाक्य ठरलेलं असतं: 'नमुने सोल-जेल पद्धतीने तयार करण्यात आले.' संपलं. ते कुणी तयार केले, त्या दिवशी लाईट होती का, मधेच दारात कोण येऊन उभं राहिलं, हे लिहायला तिथं जागा नसते. मग हे सगळं जायचं कुठं? आमच्याकडं ते कॉलेजच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर साठत गेलं. आता आम्ही जुने लोक जमलो की कुणीतरी एक किस्सा काढतं, त्यातून दुसरा निघतो आणि कपातला चहा गार होऊन जातो. त्यातलेच थोडे सांगतो.

आधी माणसं सांगून टाकतो, तशी फार नाहीत. परभणीतल्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाच्या अगदी टोकाला एक लांबट खोली आहे. तिला सगळे फेराइटची खोली म्हणतात. फेराइट म्हणजे लोखंड, आणखी एखादा धातू आणि ऑक्सिजन मिळून झालेला पदार्थ. रेडिओपासून मोबाईलच्या चार्जरपर्यंत कुठं ना कुठं तो बसलेला असतो. आम्ही ज्या जातीच्या फेराइटवर काम करायचो त्याच्या स्फटिकरचनेला स्पिनेल म्हणतात. खोलीचे धनी सय्यद सर. मी खंदारे, वालूरचा, त्यांचा विद्यार्थी. आणि माझ्या आधीपासून तिथं काम करणाऱ्या सुनीताताई. त्यांचं माहेर बोरी, सासर परभणी. बारावीला गावात पहिल्या आल्या आणि त्याच उन्हाळ्यात वडिलांनी त्यांचं लग्न लावून दिलं. पोरं शाळेत जायला लागल्यावर टू-व्हीलरचं गॅरेज असलेल्या नवऱ्यानं स्वतः जाऊन त्यांचं बीएस्सीला नाव घातलं. मग एमएस्सी, मग ही खोली.

* * *

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. स्पिनेलची रचना मला काही केल्या डोळ्यांसमोर येईना. सरांनी फळ्यावर काढून दाखवली, पुस्तकात दाखवली, कॉम्प्युटरवर फिरवून दाखवली. शेवटी म्हणाले, चला, जरा पाय मोकळे करून येऊ. आणि मला सरळ बाजारात घेऊन गेले.

मोसंबीचा गाडा लागलेला होता. सरांनी विक्रेत्याला न विचारताच मोसंब्या रचायला सुरुवात केली. खाली तीन चिकटून ठेवल्या, त्यांच्यावर एक. म्हणाले, ह्या चौघींच्या मधे एक फट राहते बघ, बारकी. खिशातून शेंगदाणा काढून त्यांनी त्या फटीत सोडला. मग खाली तीन आणि वर तीन, पण वरच्या जरा फिरवून, अशा रचल्या. आता सहाजणींच्या मधे फट आली. ही मोठी. शेजारच्या टोपलीतून एक बारकं बोर उचललं आणि तिच्यात बसवलं.

म्हणाले, मोसंबी म्हणजे ऑक्सिजन. शेंगदाणा आणि बोर म्हणजे धातू. बारक्या फटीतल्या धातूंचं चुंबकत्व एका दिशेला तोंड करून असतं, मोठ्या फटीतल्यांचं उलट्या दिशेला. दोघं एकमेकांना खाऊन जे उरतं, तेवढंच आपल्या हाताला लागतं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी म्हणालो, सर, अजून एकदा रचा. सरांनी परत रचलं. आजूबाजूला गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं होतं. तेव्हा गाडेवाल्यानं शांतपणे विचारलं,

"सर, तुमी घ्यायलात का नुसतं शिकवायलात?"

पुढचा आठवडाभर फेराइटच्या खोलीत आम्ही मोसंबीचा रस पीत होतो.

* * *

आमचे नमुने बनायचे ते जाळून. धातूंचे क्षार आणि लिंबाचं सत पाण्यात विरघळवायचं, तापवत ठेवायचं. पाणी आटून त्याची खळ होते. आणखी तापली की एका कडेनं ठिणगी धरते आणि बघता बघता सगळं भांडं पेटत जातं. मागं उरते फुललेली, हलकी, काळपट राख. तीच आमची पावडर, आणि हीच ती सोल-जेल पद्धत.

एकदा कॉलेजात तपासणीची कमिटी आली होती. बाहेर रांगोळ्या, कुंड्यांना गेरू लावलेला. आणि नेमकी त्याच दिवशी सुनीताताईंची खळ पेटली. पिवळट धूर खिडकीतून बाहेर पडून थेट प्राचार्यांच्या केबिनवर गेला. प्राचार्य धापा टाकत आले. सय्यद सर त्यांना अदबीनं सांगत होते की काही जळालेलं नाही, म्हणजे जळालेलं आहे, पण ते जळायलाच पाहिजे, पद्धतच तशी आहे.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. रुमालानं चष्मा पुसला. म्हणाले,

"सय्यद साहेब, पद्धतीला माझी ना नाही. फक्त तिला म्हणावं, कमिटीचं जेवण होईपर्यंत थांब."

* * *

माझे वडील वालूरला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. माझे आजोबा छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेले, आणि शिकायचं हे आमच्या घरात जेवणासारखं होतं, त्यावर चर्चा नसायची. दर सुट्टीला मी गावी गेलो की वडील माझ्याकडून माझा विषय समजून घ्यायचे. अडलं की तिथंच थांबवायचे. मास्तरच ते.

त्या दिवशी मी त्यांना सांगत होतो की स्पिनेलमधे कोणता धातू कुठल्या जागेवर बसतो यावर सगळं अवलंबून असतं. झिंकला बारकी जागा आवडते. निकेल मोठ्या जागेत जातं. लोखंड दोन्हीकडं चालतं. वडील अंगणात बाजेवर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, या जागा कुणी वाटून दिल्या? मी म्हणालो, कुणीच नाही. अणूचा आकार असतो, ऊर्जेचा हिशोब असतो, त्यावरून ज्याचं त्याचं ठरतं. आणि पक्कं असंही नाही. नीट तापवलं तर काहीजण जागा बदलतात.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले,

"म्हंजे जन्मावरून न्हाई ना? मग ठीक हाय. पुढं सांग."

* * *

पावडर बनवायची परभणीत, पण ती नीट झाली का हे बघायचं क्ष-किरणांचं मशीन आमच्याकडं नव्हतं. ते दुसऱ्या शहरात. म्हणून दर काही महिन्यांनी मी काचेच्या छोट्या बाटल्यांत नमुने भरून रेल्वेनं घेऊन जायचो. बाटल्या फुटू नयेत म्हणून डबा मांडीवर.

एका खेपेला समोरच्या बाकावर एक म्हाताऱ्या आजी होत्या. वाटेत मी बाटल्या मोजून घ्याव्यात म्हणून डबा उघडला. आजी वाकून बघायला लागल्या. काळपट तपकिरी बारीक पूड, घोटून घोटून मऊ केलेली. आजींचे डोळे चमकले. त्यांनी तळहात पुढं केला आणि चिमूटभर मिसरी मागितली.

मी त्यांना समजावून सांगितलं की ही मिसरी नाही, ही दाताला लावायची नसते. मग मला वाटलं, नुसतं नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून निकेल सांगितलं, झिंक सांगितलं, भट्टी सांगितली, क्ष-किरण सांगितले. बोगीतले सगळेच ऐकत होते. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हात मागं घेतला.

"द्यायची नसंल तर न्हाई म्हन की लेकरा. एवढं कशाला सांगायलास?"

* * *

आता यात एक अडचणीचा काळ येतो, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सय्यद सर निवृत्त व्हायला आले होते. सुनीताताईंचा प्रबंध त्यांच्या निवृत्तीच्या आधी विद्यापीठात गेला नाही तर नवा मार्गदर्शक शोधायचा, कागद परत फिरवायचे, आणि नवा माणूस म्हणेल तर विषयही बदलायचा. ताईंचं काम जवळजवळ झालेलं होतं. निकेल-झिंक फेराइटची सगळी मालिका तयार होती आणि शेवटचे नमुने क्ष-किरणांच्या तपासणीला गेले होते.

तपासणीचा आलेख येतो त्यात उंच उंच टोकं असतात. त्यांना आम्ही इंग्रजीतच पीक म्हणतो. स्पिनेलची पिकं कुठं यायला पाहिजेत हे ठरलेलं असतं. ताईंच्या आलेखात ती सगळी जागच्या जागी आली होती, पण एक बारकं टोक जास्तीचं होतं. त्याचा अर्थ, थोडं लोखंड स्पिनेलमधे न जाता बाहेर, गंजासारखं, वेगळंच राहिलं होतं. एका नाही, सगळ्या नमुन्यांत.

विभागातले एकजण मायेनंच म्हणाले की एवढंसं टोक आहे, आलेख थोडा अलीकडं कापला तर कुणाला दिसणार नाही.  सरांनी ताईंकडं बघितलं. ताई म्हणाल्या, मी ते पाहिलंय, आता न पाहिल्यासारखं कसं करू? आणि पदर डोळ्यांना लावून व्हरांड्यात गेल्या.

तेवढ्यात बोरीहून ताईंच्या वडिलांचा फोन आला. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. कोरडवाहू शेती करणारा, कमी बोलणारा माणूस. लेकीचा आवाज जड लागला म्हणून त्यांनी विचारलं काय झालं. ताईंनी रडत रडत खरं तेच सांगितलं, की अण्णा, एक पीक जास्तीचं आलं.

फोन मोठ्या आवाजाचा होता, मला दारातून ऐकू आलं.

"पीक जास्तीचं आलं तर रडायलीस कशाला, येडे?"

ताई रडता रडता हसायला लागल्या, त्या थांबेचनात. मग आत आल्या, तोंड धुतलं आणि पहिल्यापासून सगळी मालिका परत बनवायला घेतली.

* * *

परत बनवायची म्हणजे परत भट्टी आली. आणि परभणीत भट्टी म्हटलं की लाईट आली.

पावडर जाळून झाल्यावर ती विजेच्या भट्टीत लाल होईस्तोवर तापवायची, तशीच तासन्‌तास ठेवायची आणि हळूहळू उतरवायची. मधेच लाईट गेली तर थोडं लोखंड बाहेरच राहतं, सगळं पाण्यात. ताईंनी यावर उपाय काढला. भट्टी लावायच्या आधी त्या सबस्टेशनला फोन करायच्या आणि आज लाईन बंद आहे का विचारायच्या. फोन उचलणारा ऑपरेटर पहिल्यांदा खेकसला. दुसऱ्यांदा म्हणाला, घरात लग्न आहे का? हळूहळू तो ताईंचा आवाज ओळखायला लागला. दुपारी दुरुस्ती आहे, आज लावू नका, असं आपणहून सांगायला लागला. ताईंनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यानं ताईंना नाही. फेराइट म्हणजे काय हेही त्यानं कधी विचारलं नाही. बहुतेक त्याला वाटत असावं की ताईंचा बेकरीचा धंदा आहे.

शेवटच्या नमुन्याच्या दिवशी अचानक वारं सुटलं. कुठंतरी फांदी तारांवर आली. सगळ्या भागाची लाईन बंद करणं भाग होतं. भट्टी उतरायला अजून थोडा वेळ हवा होता आणि आम्ही तिघं तिच्यावरच्या आकड्याकडं बघत बसलो होतो. ताईंचा फोन वाजला. पलीकडं ऑपरेटर. त्याच्या मागं कुणीतरी ओरडत होतं, गाडी आली, माणूस खांबाशी उभाय, बंद कर लवकर. हा मात्र हळू आवाजात विचारत होता,

"ताई, उतरली का भट्टी? तुमी म्हणलात की मी बंद करतो."

ताईंनी आकडा बघितला, सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली, एवढ्यावर चालेल. ताई म्हणाल्या, करा दादा. आणि खोलीत अंधार झाला.

त्या नमुन्यातही जास्तीचं पीक नव्हतं. सर निवृत्त व्हायच्या आत प्रबंध गेला.

* * *

प्रबंध गेल्यानंतर ताई कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागल्या होत्या. एका थंडीत अण्णा पिशवीभर ज्वारीचा हुरडा घेऊन परभणीला आले. मी व्हरांड्यातून येत होतो तर ते वर्गाच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून उभे. आत ताई पहिल्या वर्षाच्या पोरांना इंग्रजीतून शिकवत होत्या. मी म्हणालो, मामा, आत निरोप देतो. त्यांनी हातानंच नको म्हटलं. क्लास चालू आहे, मधे कशाला.

मग मी पण थांबलो. बराच वेळ ते ऐकत होते. मधे मला हळूच विचारलं, पोरायला कळतंय का तिचं? मी म्हणालो, चांगलं कळतंय, ताईंच्या तासाला वर्ग भरलेला असतो.

"मला बी कळायलंय," अण्णा म्हणाले. "शब्द सोडून."

तास संपायच्या आधी पिशवी माझ्या हातात देऊन ते बोरीच्या गाडीला निघून गेले. हुरडा आम्ही खाल्ला. ताईंनी विचारलं, अण्णा थांबले का नाहीत? मी रिकामी पिशवी त्यांच्या हातात दिली.

* * *

आणि ही ताईंची व्हायवा.

पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते. कुणीही येऊन बसावं. हॉल भरलेला होता. निवृत्त झालेले सय्यद सर इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. माझे वडील खास वालूरहून आलेले. ताईंचे मिस्टर गॅरेज बंद ठेवून दोन्ही पोरांना घेऊन बसलेले. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, टोपी मांडीवर ठेवून अण्णा.

सरांनी ताईंना आधीच बजावलं होतं. येतं ते ठामपणे सांगायचं. प्रबंधाच्या बाहेरचं विचारलं तर अंदाज ठोकायचा नाही, अदबीनं म्हणायचं, हे माझ्या प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहे. यात कमीपणा काहीच नाही.

बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी बरोबर नेमका प्रश्न विचारला. झिंकला स्वतःचं चुंबकत्व नाही. मग ते घातल्यावर तुमच्या नमुन्याचं चुंबकत्व वाढतं कसं? ताईंनी शांतपणे सांगितलं. झिंक बारक्या जागेत जाऊन बसतं आणि तिथल्या लोखंडाला मोठ्या जागेत पाठवतं. उलट्या दिशेनं ओढणारे कमी होतात, म्हणून उरतं ते जास्त. पण झिंक फारच घातलं तर दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारं कुणी राहत नाही, आणि सगळंच सैल पडतं. परीक्षक हसले नाहीत, पण पुढं झुकून बसले. मग आणखी कितीतरी प्रश्न झाले. एकदा त्यांनी विचारलं, ही पावडर औषधोपचारात वापरता येईल का? ताई म्हणाल्या, हे माझ्या प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहे. परीक्षकांनी मान हलवली, पुढं गेले.

शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का? असं विचारतात, पण विचारत कुणी नाही. अध्यक्ष खाली बसायलाच निघाले होते, तेवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

अण्णा उभे होते.

सगळ्यांनी माना वळवल्या. अध्यक्ष म्हणाले, विचारा ना. अण्णांनी टोपी दोन्ही हातांत धरली होती. त्यांनी परीक्षकांकडं बघितलं नाही, सरांकडं नाही. सरळ लेकीकडं बघून विचारलं,

"बारावीला मी तुझं शिक्षान बंद केलं. ते माझं चुकलं का?"

 ताईंच्या मिस्टरांनी धाकट्याला जवळ ओढलं. सर खाली बघत होते. ताईंनी हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला. मागच्या पडद्यावर 'धन्यवाद' लिहिलेलं होतं. मग ज्या आवाजात परीक्षकांना उत्तरं दिली होती, त्याच आवाजात त्या म्हणाल्या,

"अण्णा, हा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहे."

कुणी हसलं नाही.  परीक्षकांनी हलवली होती तशीच अण्णांनी मान हलवली, टोपी डोक्यावर घातली आणि खाली बसले.